वारंवार लघवी होते, तरी पिशवी भरलेलीच!

नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन आलेले साठीचे काका तासाभरात तीनदा आडोशाला जातात. लोक म्हणतात, वय झालं. पण पुष्कळदा लघवीची पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही. थोडी होते, बाकी आत राहते, म्हणून लगेच पुन्हा घाई होते. धार बारीक, नंतर थेंब थेंब, रात्री उठणं, ही त्याचीच लक्षणं.

पुरुषांत बहुधा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी वाट आवळते. मधुमेहात नसा मंदावतात. बद्धकोष्ठता आणि सर्दीच्या काही गोळ्याही भर घालतात. शेतात आडोसा नाही म्हणून आपल्या बाया दिवसभर लघवी दाबतात, पाणीही पीत नाहीत. यात दोष त्यांचा नाही, सोय न करणाऱ्यांचा आहे.

साठलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी करून लगेच सोनोग्राफी केली की आत किती उरली ते कळतं. साधारण ५० मिलीपर्यंत चालते. २०० च्या वर असेल तर डॉक्टरांनी कारण शोधायलाच हवं.

घरी एवढं करा: निवांत बसा. लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबा, थोडं पुढे वाका, पुन्हा करा. कुंथू नका. पाणी तोडू नका, फक्त झोपण्याआधी कमी प्या. लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. तिथे नळी घालून पिशवी मोकळी करतात.