न्हावाशेव्याचें वाढतें बंदर, वाढवणचें नवें बंदर आणि शेतकऱ्याचा हिशेब

बंदर हा विषय शेतकीच्या मासिकांत कशास, असें कोणा वाचकास वाटण्याचा संभव आहे. परंतु निफाड, दिंडोरी, तासगांव या तालुक्यांतील ज्या बागाइतदारानें आपलीं द्राक्षें एकदां तरी परदेशीं धाडलीं आहेत, त्याला हें सांगावयास नको कीं, मालाचा भाव जितका पेठेंत ठरतो तितकाच तो धक्क्यावर ठरतो. शिवाय बंदर वाढतें तें हवेंत वाढत नाहीं. त्याला रस्ता लागतो, लोहमार्ग लागतो, पेट्या रचण्यास मैदान लागतें, आणि या सर्वांखालीं कोणाची तरी जमीन असते. तेव्हां शेतकऱ्याचा या विषयाशीं दोन बाजूंनीं संबंध पोहोंचतो. एक माल पाठविणारा म्हणून व दुसरा जमीन देणारा म्हणून. या दोन्ही बाजूंचा हिशेब एका ठिकाणीं मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मुंबईचें जुनें बंदर शहराच्या पोटांत सांपडल्यामुळें त्याला हातपाय पसरण्यास जागा उरली नाहीं. म्हणून खाडीच्या पलीकडे, उरण तालुक्यांत, न्हावा व शेवा या गांवांजवळ नवें बंदर बांधण्यांत आलें, व तें २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. त्यास जवाहरलाल नेहरू बंदर असें नांव आहे. हें बंदर मुख्यत्वेंकरून पेट्यांचें बंदर आहे. पूर्वीं गोणी, पिंप, गांठी असा सुटा माल हमालांकरवीं जहाजावर चढत असे. आतां तो लोखंडी पेटींत भरून, तिला मोहोर लावून, पेटीच्या पेटीच याऱ्यांनीं उचलून ठेवतात. वीस फूट लांबीची एक पेटी हें मोजणीचें माप धरलेलें आहे. चाळीस फुटी पेटी म्हणजे दोन मापें. या मापानें पाहतां सन २०१८-१९ सालीं या बंदरांतून सुमारें ५१ लक्ष, सन २०२२-२३ सालीं साडेसाठ लक्ष, २०२३-२४ सालीं ६४ लक्षांहून अधिक, आणि २०२४-२५ सालीं सुमारें ७३ लक्ष पेट्यांची चढउतार झाली. एका सालांत नऊ लक्षांच्या जवळपास वाढ होणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

ही वाढ टप्प्याटप्प्यानें झाली. आरंभीं सर्व धक्का सरकारी होता. १९९९ सालीं पहिला खाजगी धक्का चालू झाला, २००६ सालीं आणखी एक, २०१८ सालीं चौथ्याचा पहिला टप्पा. व सप्टेंबर २०२५ मध्यें याच चौथ्या धक्क्याच्या दुसऱ्या टप्प्याचें उद्घाटन झाल्यावर त्या एकट्या धक्क्याची शक्ति वर्षाला ४८ लक्ष पेट्यांची झाली. समुद्रांतील वाटही मोठ्या जहाजांसाठीं खोल खणून काढण्यांत आली. मालगाड्यांकरितां दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावाशेव्यापर्यंत सुमारें १५०६ किलोमीटरचा स्वतंत्र लोहमार्ग योजिला गेला. त्याचें उत्तरेकडील काम आधीं उरकलें, आणि वैतरणेपासून बंदरापर्यंतचा शंभर-सव्वाशें किलोमीटरचा आपल्याकडील तुकडा तेवढा मागें राहिला. गुजराथेंतील बंदरांना या मार्गाचा लाभ आपल्या आधीं मिळाला, ही गोष्ट व्यापाऱ्यांनीं तर हेरलीच आहे, शेतकऱ्यांनींही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां या सर्व वाढींतून शेतकऱ्याच्या पदरीं काय पडतें तें पाहूं. पेट्यांचा आंकडा फुगला म्हणजे शेतमालाची सोय झालीच असें मानणें भोळेपणाचें आहे. द्राक्षांना साधी पेटी चालत नाहीं. थंड पेटी लागते. बागेंत सकाळच्या थंड वेळीं तोडलेला माल पॅकिंग-घरांत आणून, शून्य अंशाच्या आसपास थंड करून, मग तो पेटींत भरतात. आणि त्या क्षणापासून परदेशच्या गोदामांत दार उघडेपर्यंत ती थंडी मोडतां कामा नये. पेटी बंदराच्या मैदानांत जितके तास उभी राहील तितके तास तिला विजेचा पुरवठा लागतो. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधीं माल आंत घेण्याची मुदत संपते. त्या मुदतीला तासाभरानें चुकलेली गाडी पुढल्या जहाजाची, म्हणजे बहुधा पुढल्या आठवड्याची वाट पाहत राहते. म्हणून धक्का किती लांब आहे यापेक्षां, थंड पेट्यांना वीज देण्याच्या जागा किती आहेत, गाड्यांची रांग किती तास खोळंबते, आणि आठवड्याला युरोपकडे जाणारीं जहाजें किती लागतात, हे तीन प्रश्न बागाइतदाराच्या खऱ्या कामाचे आहेत. शेतकरी संघांनीं व उत्पादक मंडळ्यांनीं माल धाडणाऱ्या आडत्यास हेच प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घेण्याचा परिपाठ ठेवावा. तोंडी उत्तरांना नासक्या घडाइतकीच किंमत असते.

बंदर कितीही मोठें झालें तरी त्याच्या हातीं नसलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, याची दोन ठळक उदाहरणें अलीकडेंच घडलीं. सन १९२३ चे अखेरीस नव्हे, तर पुरतीं शंभर वर्षें लोटल्यावर, म्हणजे २०२३ च्या अखेरीस, तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले. आणि सुवेझचा जो कालवा १८६९ पासून मुंबईस युरोपच्या जवळ आणीत आला, तो बहुतेक मोठ्या जहाज-कंपन्यांनीं टाळला. जहाजें आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून जाऊं लागलीं. त्यामुळें २०२४ च्या हंगामांत युरोपास जाणाऱ्या द्राक्षांची वाट दहा-पंधरा दिवसांनीं लांबली व नूर चढला. द्राक्षाच्या घडाला दहा दिवस म्हणजे काय, हें बागाइतदारास सांगणें नको. देंठ सुकतो, मणी गळूं लागतात, आणि गिऱ्हाइकाला भाव पाडण्यास निमित्त मिळतें.

दुसरें उदाहरण कांद्याचें. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला, तेव्हां वाटेंत व बंदरांत असलेला माल अडकून पडला आणि लासलगांवासह नाशिक जिल्ह्यांतील बाजार बंद राहिले. पुढें ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद करण्यांत आली. ती बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, पण निर्यातीवर शेंकडा ४० कर होताच. सप्टेंबरांत तो निम्म्यावर आला, व १ एप्रिल २०२५ पासून अजिबात गेला. या वीस महिन्यांत बंदराच्या पेट्यांचा एकूण आंकडा मात्र वाढतच होता! बंदराची भरभराट व कांदेवाल्याची भरभराट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें यावरून स्पष्ट होतें. धक्का वाढविण्यास कोट्यवधि रुपये खर्चावयाचे आणि ऐन हंगामांत एका हुकुमानें त्याचें दार लावावयाचें, हें धोरण परदेशच्या गिऱ्हाइकास कसें दिसत असेल, याचा विचार सरकारांत कोणी करीत असल्यास त्याची खूण तरी बाहेर दिसली नाहीं.

एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. न्हावाशेवा बंदराच्या हद्दींतच शेतमाल निवडण्याची, त्यावर प्रक्रिया करण्याची व तो सांठविण्याची जागा सुमारें २८४ कोटि रुपये खर्चून खाजगी भागीदारींत उभारण्याची योजना मंजूर झालेली आहे. ती उभी राहिल्यावर तींत लहान शेतकऱ्यांच्या मंडळ्यांना भाड्यानें जागा मिळेल, कीं ती सर्व बड्या व्यापाऱ्यांकडे जाईल, हें भाड्याच्या शर्तींवर अवलंबून राहील. त्या शर्ती ठरण्यापूर्वींच सोसायट्यांनीं आपली मागणी पुढें करावी. करार झाल्यावर केलेल्या अर्जावर काय शेरा पडतो, हें ज्यानें कचेरींत आयुष्य घालविलें त्याला पक्कें ठाऊक आहे.

आतां जमिनीची बाजू. उरण-पनवेलकडील भातशेतें व मिठागरें १९७० सालानंतर नव्या मुंबईसाठीं व पुढें बंदरासाठीं संपादन झालीं. मोबदल्याच्या दरावरून असंतोष वाढत गेला, व श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं लढा दिला. जानेवारी १९८४ मध्यें जासई व नवघर येथें गोळीबार होऊन पांच माणसें मृत्यु पावलीं. त्या लढ्यांतून जें तत्त्व निघालें तें असें कीं, ज्याची जमीन गेली त्याला केवळ रोख रक्कम न देतां, गेलेल्या क्षेत्राच्या शेंकडा साडेबारा इतकी विकसित जमीन परत द्यावी. हें तत्त्व आज सर्वतोमुखीं झालें आहे. पण तत्त्व मान्य होणें आणि भूखंड हातीं येणें यांत केवढें अंतर असतें तें पहा. न्हावाशेवा बंदरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना अशा भूखंडांचीं पत्रें वाटण्याचा समारंभ १६ ऑगस्ट २०१४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें झाला. बंदर सुरू होऊन तेव्हां पंचवीस वर्षें उलटलीं होतीं. मूळ खातेदारांपैकीं किती जण तोंवर हयात राहिले असतील? त्यांच्या मागें वारस, वारसांमागें वाटण्या, आणि वाटण्यांमागें तंटे. एका सात-बाऱ्यावर नांवांची अशी दाटी झाली म्हणजे भूखंडाचा लाभ घरांत राहण्याऐवजीं दलालाच्या हातीं जातो.

हा सर्व इतिहास उगाळण्याचें कारण असें कीं, तसाच प्रसंग आतां पालघर जिल्ह्यांत आला आहे. डहाणू तालुक्यांत वाढवण येथें याहूनही मोठें बंदर व्हावयाचें आहे. ही कल्पना नवी नाहीं. डहाणू तालुका १९९१ सालीं पर्यावरणदृष्ट्या नाजुक म्हणून जाहीर झाला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेनें त्यासाठीं स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यांत आलें. व न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असतां त्या प्राधिकरणानें १९९८ सालीं वाढवणचें बंदर नाकारलें. पुढें त्याच प्राधिकरणानें ३१ जुलै २०२३ रोजीं त्यास अटींवर संमति दिली. १९ जून २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटि रुपये. समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरांहून लांब लाटरोधक बांध, आणि एक-एक हजार मीटर लांबीचे नऊ धक्के, असा हा अवाढव्य व्याप आहे. किनाऱ्याजवळ सुमारें वीस मीटर खोल पाणी निसर्गतःच असल्यामुळें जगांतील मोठ्यांत मोठें जहाज येथें लागूं शकेल, हें या जागेचें मर्म.

बंदर समुद्रांत भराव घालून व्हावयाचें, म्हणून त्यासाठीं शेतकऱ्याची जमीन जात नाहीं, असें सांगतात. तें धक्क्यापुरतें खरें आहे. कोळ्यांचें समुद्रांतील क्षेत्र जातें, त्याचा प्रश्न स्वतंत्र व मोठा आहे, आणि त्यांचा विरोध अनेक वर्षांचा आहे. परंतु बंदरापासून राष्ट्रीय महामार्गापर्यंत बत्तीस किलोमीटरांच्या आसपास रस्ता व सुमारें बारा किलोमीटर लोहमार्ग जावयाचा, तो जमिनीवरूनच जाणार. याखेरीज तव्यापासून भरवीर येथें समृद्धि महामार्गास मिळणारा सुमारें १०५ किलोमीटरचा द्रुतगति मार्ग राज्य मंत्रिमंडळानें २०२५ सालीं मान्य केला आहे. तो पालघर व नाशिक या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. नाशिककडील मालाला यानें जवळची वाट होईल, यांत शंका नाहीं. पण ज्याच्या वावरांतून ती वाट जाईल त्यानें आपला कागद आजच पाहून ठेवावा.

कागद पाहणें म्हणजे काय, तें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या मनुष्यानें थोडक्यांत सांगावें हें योग्यच होईल. पहिलें असें कीं, वडील वारल्यावर वारसांचा फेरफार झाला आहे कीं नाहीं तें गांव नमुना सहा व सात यांवरून पहावें. मयताच्या नांवाची नोटीस येते, ती कोणी घेत नाहीं, आणि रक्कम न्यायाधिकरणांत पडून राहते. दुसरें, झाडांची नोंद. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; तेथील एकेक जुनें झाड कुटुंबाला वर्षानुवर्षें पोसतें. पण तें झाड गांव नमुना बारामध्यें पीकपाहणींत नसेल, तर मोजणीदारास तें बांधावरचें रान वाटण्याचा संभव असतो. सन २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाइलवर भरावयाची आहे, तेव्हां तलाठ्यानें लिहिलें नाहीं ही सबब आतां उरली नाहीं. झाडें, विहीर, नळमार्ग, सर्व भरावें. संयुक्त मोजणीच्या दिवशीं मालकानें स्वतः हजर रहावें, व पंचनाम्याची नक्कल मागून घ्यावी.

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाहीं, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें जमिनीची किंमत ठरवितांना सरकारी दर-तक्त्याबरोबरच मागील तीन वर्षांत आसपास झालेलीं खरेदीखतें पाहतात, आणि त्यांपैकीं अधिक किंमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. मुद्रांक वांचविण्यासाठीं खरेदींत किंमत कमी दाखविण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिचा भार मग साऱ्या शेजाऱ्यांवर पडतो. चार हजार रुपयांचा मुद्रांक वांचतो, आणि गांवाचे लाखों रुपये जातात. या किंमतीवर शेंकडा शंभर दिलासा रक्कम मिळावयाची असल्यामुळें मूळ आंकडा कमी धरला गेला कीं तोटा दुप्पट होतो.

शेवटीं मुदतींसंबंधीं. एकाच बंदराचा रस्ता व लोहमार्ग निरनिराळ्या कायद्यांखालीं घेतले जातात, आणि हरकत घेण्याची मुदत प्रत्येकांत वेगळी आहे. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालीं अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस, रेल्वे कायद्याखालीं विशेष प्रकल्पासाठीं ३० दिवस, व २०१३ च्या कायद्याखालीं प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस. अधिसूचना वर्तमानपत्रांत बारीक अक्षरांत छापून येते. तींत गांवाचें नांव, गट क्रमांक व क्षेत्र असतें. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक शिकलेला तरुण नेमून, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील अशा अधिसूचना दर आठवड्यास कापून एका वहींत चिकटवाव्या, आणि ती वही चावडींत सर्वांस पाहण्यास ठेवावी. हरकत लेखी द्यावी, तिच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घ्यावी, आणि ती प्रत सात-बाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावी.