पीएसए, बायोप्सी आणि कट्ट्यावरची कुजबुज

चारकोपच्या आमच्या कट्ट्यावर सकाळच्या फेऱ्या संपल्या की शुगर, गुडघे आणि सोसायटीची निवडणूक यांवर मोकळेपणी गप्पा होतात. प्रोस्टेटचं नाव निघालं की मात्र सगळ्यांचा आवाज खाली येतो. मला हा कॅन्सर आहे आणि दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे एकेक जण मला बाजूला घेऊन विचारतो.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पीएसए वाढलाय, म्हणजे कॅन्सर झालाच ना?" तसं नाही. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन आहे. वयाप्रमाणे ग्रंथी वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला, तरी रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. खरं काय ते बायोप्सीत कळतं. दुसरा गडी छाती ठोकून सांगतो, "मला लघवीचा काही त्रास नाही, मला कसला कॅन्सर?" हा समज जास्त धोक्याचा. गाठ बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून लांब धरते, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो, हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव हे या तपासणीचे खरे धोके, आणि त्यांची काळजी डॉक्टर घेतात. सुईमुळे प्रोस्टेटचा कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ. सुईच्या भीतीने वाया घालवलेले महिने मात्र महागात पडू शकतात.

"कॅन्सर आहे ना, मग आजच कापून टाका," हा घरच्यांचा हट्ट. इथे ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासाकडे बघावं. सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले: एकाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर फक्त बारीक लक्ष. सुमारे पंधरा वर्षांनी, 2023 मध्ये निकाल आला. तिन्ही गट मिळून या कॅन्सरने दगावलेले 45, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण अधिक होतं, हेही खरं. पण निर्णय घ्यायला सवड असते, हे त्या माणसांमुळे कळलं. आक्रमक किंवा पसरलेल्या कॅन्सरला अर्थातच हा हिशेब लागू नाही.

आता ज्या समजाचा मला मनापासून राग येतो तो. "मोठ्या हॉस्पिटलात आपल्यावर प्रयोग करतात, कशावरही सही करू नका." कांदिवलीहून लोकल पकडून, प्रभादेवीला उतरून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. त्याच टाटामध्ये 2011 ते 2017 या काळात 224 रुग्णांनी अशा सह्या केल्या. सगळ्यांचा कॅन्सर जास्त जोखमीचा होता. प्रश्न साधाच होता: रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यायचं, की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही? पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात शंभरात 81 होते, दुसऱ्यात 95. एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता आणि दुसऱ्या गटाला लघवीचा त्रास जास्त झाला. निकाल 2021 मध्ये छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यांची दखल घेतली. त्या 224 जणांना गिनिपिग म्हणणाऱ्याने एकदा या आकड्यांकडे बघावं. दोन्ही गटांना पूर्ण उपचारच मिळाले होते.

संशोधन म्हणजे फक्त महागडी नवी औषधं, हेही खरं नाही. या कॅन्सरवरच्या अबिराटेरॉन या औषधाच्या चार गोळ्या रोज उपाशीपोटी घ्यायच्या असतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने 72 रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, हलक्या न्याहारीबरोबर घेतलेल्या एकाच गोळीनेही पीएसए तेवढाच उतरला. खर्च पाव. घरी मात्र हा उद्योग स्वतःच्या मनाने करू नका. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

सही म्हणजे वेठबिगारी नव्हे. माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवी, नीतिसमितीची मंजुरी हवी, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई हवी. क्लिनिकल ट्रायलसाठीच्या भारताच्या 2019 च्या नियमांत हे सगळं आहे. मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

जाता जाता एक बारीकशी गोष्ट. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णालाही जाता येतं. रेडिएशनच्या दिवसांत गर्दीत लोंबकळू नका, आजाराचे कागद खिशात ठेवा आणि बसा. आणि पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांना विचारा, "माझ्यासारख्यासाठी एखादी चाचणी सुरू आहे का, आणि तिचा नोंदणी क्रमांक काय?"