घशातली चुरचुर आणि सांध्यांचा दाह

सिसिली बेटावरील एरिचे या गावी १९९९ साली पाकक्रियेमागील विज्ञानावर एक परिषद भरली होती. तेथे नुकतेच काढलेले ऑलिव्हचे तेल चाखताना गॅरी बीचम या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या घशाशी चुरचुरले. ही चुरचुर त्यांच्या ओळखीची होती. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचे द्रवरूप औषध घेतानाही घशाशी नेमके असेच होते!

या साधर्म्याचा माग काढत फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी तेलातील ते द्रव्य वेगळे केले आणि त्याला 'ओलिओकँथल' असे नाव दिले. प्रयोगशाळेत तयार केलेल्या ओलिओकँथलनेही घशात तशीच चुरचुर झाली. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. शरीरात दाह निर्माण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांच्या निर्मितीसाठी कॉक्स नावाची विकरे लागतात. आयबुप्रोफेन या विकरांना अटकाव करते. ओलिओकँथलही तेच करते.

मग ऑलिव्हच्या तेलाने संधिवात टळेल का? येथे संधिवाताचा प्रकार लक्षात घ्यायला हवा. वयोमानानुसार होणारी सांध्यांची झीज वेगळी आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढवते. ऑलिव्हमधील हायड्रॉक्सीटायरोसॉलसारख्या द्रव्यांनी उंदरांमधील अशा प्रकारचा दाह कमी झाल्याचे दिसले आहे. माणसांबाबतचा पुरावा मात्र संमिश्र आहे.

ग्रीसमध्ये १४५ आमवातग्रस्त आणि १८८ इतर व्यक्तींच्या आहाराची तुलना करणारा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑलिव्ह तेल भरपूर खाणाऱ्यांमध्ये हा आजार कमी आढळला. स्वीडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भूमध्यसागरी आहार घेणाऱ्या रुग्णांचा त्रास १२ आठवड्यांत काहीसा उतरला. परंतु त्या आहारात तेलाबरोबर भाज्या, फळे आणि मासेही होते. श्रेय एकट्या तेलाला कसे देणार? पुढे अमेरिकेतील सुमारे पावणेदोन लाख परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत (२०१५) अशा आहारामुळे आमवाताचा धोका घटल्याचे दिसले नाही.

मात्रेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. 'नेचर'मधील अंदाजानुसार, रोज ५० ग्रॅम तेलातून मिळणारे ओलिओकँथल हे प्रौढ व्यक्तीला वेदनाशमनासाठी लागणाऱ्या आयबुप्रोफेनच्या मात्रेच्या सुमारे एक दशांश भरते. एवढ्या तेलातून सुमारे साडेचारशे कॅलरी पोटात जातात, हे विसरून चालणार नाही. तेव्हा दुखणाऱ्या सांध्यावर तातडीचा उतारा म्हणून या तेलाकडे पाहू नये. थोड्या मात्रेचा वर्षानुवर्षे काही लाभ होत असेल, ही शक्यता आहे. ती सिद्ध झालेली नाही.

आपल्याकडे दुकानात ऑलिव्ह तेल घेताना आणखी एक गफलत होते. 'पोमेस' किंवा 'लाइट' असे लिहिलेल्या तेलांत शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत ही द्रव्ये बहुतांशी नष्ट झालेली असतात. ती टिकतात 'एक्स्ट्रा व्हर्जिन' तेलात, तेही ताजे असेल तर. घशाशी किंचित चुरचुरणे ही त्याची खूण. बाटली गडद रंगाची असावी, उजेड व उष्णतेपासून दूर ठेवावी आणि तेल कच्चेच कोशिंबिरीवर घालावे. मात्र हे तेल आहारातील इतर तेलाच्या जागी घ्यावे, त्यात भर म्हणून नव्हे.

आमवात टाळण्यासाठी आपल्या हातात असलेला अधिक भरवशाचा उपाय आहे तो धूम्रपान सोडण्याचा. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासाहून अधिक काळ आखडत असतील, सूज काही आठवडे टिकत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना गाठावे. उपचार लवकर सुरू झाले तर सांध्यांची हानी पुष्कळ अंशी रोखता येते. ती संधी तेलाच्या भरवशावर दवडू नये. चालू औषधे तर परस्पर मुळीच थांबवू नयेत. ऑलिव्हचे तेल ताटात जरूर असावे, पण औषधाची जागा त्याला देऊ नये.