साडेतीन मैलांचा कालवा

आंध्रात ओंगोलच्या उत्तरेला गुंडलकम्मा नावाची नदी वाहते. तिच्या पात्रात ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ माणसांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्त पंथात नुसतं कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. माणसाने आधी स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली द्यायची, मग त्याला अख्खं पाण्यात बुडवून वर काढायचं. बाप्तिस्मा देणारे सहा तेलुगू उपदेशक होते. एका वेळी दोघे पाण्यात उतरायचे, ते थकले की पुढचे दोघे. असं सुमारे नऊ तास चाललं. हिशेब मांडला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं!

मला मात्र या आकड्यापेक्षा जास्त नवल वाटतं ते त्याच्या आधीच्या काळाचं. वर्षाहून अधिक काळ हे उपदेशक ज्या बाप्तिस्त मिशनचे होते, त्याच मिशनने बाप्तिस्मा देणं पूर्ण बंद ठेवलं होतं. आणि तो काळ होता १८७६–७८ च्या महादुष्काळाचा.

या दुष्काळात मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाखा आणि निजामाचं राज्य होरपळून निघालं. पन्नास लाखांहून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र उघडलं, ते याच दुष्काळात. सरकारी दुष्काळी कामांवरची मजुरी ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी इतकी खाली आणली, की दिवसभर राबणाऱ्या गड्याला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळत. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याविरुद्ध काम सोडलं, तेव्हा पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली.

ओंगोलच्या आसपास सगळ्यात आधी उपाशी पडले ते मादिगा. चामड्याचं काम करणारा हा अस्पृश्य समाज. वहाणा करायच्या, विहिरीच्या मोटा शिवायच्या आणि सुगीला शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, अशी बलुत्याची रीत होती. सुगीच बुडाली, तेव्हा त्यांच्या वाट्याचं धान्यही बुडालं. सरकारी कामावर जावं, तर तिथले मुकादम वरच्या जातींचे. त्यांनी मादिगांना नीट वागवलं नाही.

ओंगोलला तेव्हा जॉन एव्हरेट क्लफ हे अमेरिकन मिशनरी होते. मिशनरी होण्याआधी, तरुणपणी त्यांनी मिनेसोटात जमीन मोजणाऱ्या सरकारी तुकडीत काम केलं होतं. पाद्र्याच्या अंगी साखळी आणि दुर्बीण लावून जमीन मोजण्याची विद्या असणं, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. कारण त्याच सुमारास किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं होतं. क्लफ यांनी त्यातल्या साडेतीन मैलांचा ठेका घेतला आणि मुकादम म्हणून आपले तेलुगू उपदेशक नेमले. त्यांतले कितीतरी स्वतः मादिगा.

एवढ्या एका गोष्टीने काय बदललं असेल, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. पुरुष कुदळीने खणताहेत, बायका पाट्या भरून माती काठावर टाकताहेत. दुसऱ्या कुठल्याही कामावर असतं तेच दृश्य. पण इथे खणलेल्या मातीचं माप घेणारा माणूस आपल्यातला आहे. तो शिवी देत नाही, विटाळ मानत नाही, मजुरी मारत नाही. संध्याकाळी तोच शेजारी बसून बोलतो. उपाशी माणसाला धान्य हवं असतं हे खरंच, पण ते कोण देतो आणि कसं देतो, हेही तो जन्मभर विसरत नाही.

लोक बाप्तिस्मा मागू लागले आणि क्लफ यांनी नकार दिला. लंडनच्या मॅन्शन हाऊस फंडाचे मदतीचे पैसे त्यांच्या हातून वाटले जात होते. भुकेपोटी कोणी धर्म बदलला असं होऊ नये, म्हणून मदत चालू असेपर्यंत बाप्तिस्मा नाही, असा त्यांचा निश्चय होता. मदत थांबली, आता काही मिळणार नाही हे लोकांना स्पष्ट सांगितलं गेलं. तरीही ते आले, आणि मग गुंडलकम्मेवरचा तो दिवस उजाडला.

‘पोटासाठी बाटले’ असं म्हणून या लोकांना एका वाक्यात निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्यातल्या येरागुंटला पेरय्या यांनी दुष्काळाच्या सुमारे दहा वर्षं आधीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्याआधी ते योगमार्गी गुरूंच्या संप्रदायात होते, म्हणजे त्यांचा शोध मिशनरी येण्याच्या आधीपासून चालू होता. पुढे त्यांच्यासारख्यांनीच गावोगाव, भावकीत फिरून ही चळवळ वाढवली. क्लफ यांच्या पत्नी एमा राउशेनबुश-क्लफ यांनी मादिगांच्या तोंडून अशा आठवणी ऐकून १८९९ मध्ये पुस्तक लिहिलं. अक्षरओळख नसलेल्या माणसांचा त्यांच्याच बाजूने सांगितलेला इतिहास त्यामुळे आपल्या हाती आला.

आता कालव्याकडे वळू. बकिंगहॅम कालवा सुमारे ४२० किलोमीटर लांब. त्यातला एक तुकडा या भुकेल्या हातांनी खणलेला. रेल्वे आणि रस्ते आल्यावर त्यातली होड्यांची ये-जा मंदावली, गाळ साचला, लोक त्याला विसरले. मग २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. किनाऱ्यालगत समांतर जाणाऱ्या या चराने जमिनीकडे धावणारं पाणी आपल्यात सामावून घेतलं आणि ते परत समुद्राकडे ओसरू दिलं. आंध्रच्या किनाऱ्यावर या कालव्यामुळे माणसं वाचली, हे पुढच्याच वर्षी भारतीय संशोधकांनी शास्त्रीय नियतकालिकात नोंदवलं.

हा कालवा चेन्नई शहरातूनही जातो. तिथे शहरी रेल्वेचे खांब थेट त्याच्या पात्रात उभे आहेत आणि पाणी गटारासारखं झालंय. तिकडे जाणं झालं, तर नाकाला रुमाल लावून का होईना, क्षणभर थांबा आणि तो नीट पाहा. जमलं तर ओंगोलपर्यंत जा.