तिसरी चढाई

कन्नड तालुक्यातल्या पिशोरकडच्या पोरांना कबड्डी कुणी शिकवावी लागत नाही. रान मोकळं झालं की फक्कीने रेषा ओढायच्या आणि चपला कडेला काढून उतरायचं. मात्र ‘डू ऑर डाय’ हा शब्द या पोरांच्या तोंडी आला तो टीव्हीवरून.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी सुरू झाली. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सची ही कल्पना. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत कबड्डीचं समालोचन करताना शर्मांना या खेळातला प्रेक्षक दिसला होता. तसं पाहिलं तर कबड्डीला मोठं व्यासपीठ नवं नव्हतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्येच बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं आणि १९९० पासून आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ आहे. तरीही रात्री आठला घरोघरी कबड्डी लागेल, असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

आघाडीवरचा संघ वेळ काढतो, हे कबड्डीचं जुनं दुखणं. चढाईपटू निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परततो, पुढचाही तेच करतो. मैदानाच्या कडेला बसलेला माणूस हे सोसतो. हातात रिमोट असलेला सोसत नाही. म्हणून लीगने ‘डू ऑर डाय’चा नियम आणला: सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. दुसरीकडे, मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेल्या संघाने पकड केली तर ती ‘अव्वल पकड’, म्हणजे एक गुण जादा. लोण डोक्यावर असलेला संघही त्यामुळे सामन्यात राहतो. पूर्वी दम हेच चढाईचं घड्याळ होतं. आता पडद्याच्या कोपऱ्यात ३० सेकंद उलटे मोजले जातात. पंचाचा निर्णय पटला नाही तर कॅमेऱ्याकडे दाद मागता येते. जाणकार याला तमाशा म्हणतात. मला वाटतं, या नियमांनी खेळातला आळस काढला.

पैशाचं तर विचारूच नका. पहिल्या लिलावात सर्वात महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजारांना घेतलं. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि त्याच हंगामात विजेतेपद मिळवलं. अर्थात आपल्या लीगमध्ये खेळलेले इराणी त्याआधीच आपल्याला भारी पडले होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असं हरवलं.

लीगच्या मॅटची गोष्ट वेगळी. मातीवर अनवाणी घसरत जाऊन हात लावणारं पोर मॅटवर बूट घालून उतरलं की त्याचा पाय एकदम अडतो. वळण्याचं तंत्रच बदलावं लागतं. तालुक्याच्या पातळीवर मॅट आजही चैन आहे, पण निवड होते ती मॅटवर.

आणि मुली? २०१६ मध्ये तीन संघांचं ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झालं. अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असं एका गुणाने हरवलं. टीव्हीला याहून चुरशीचं काय हवं होतं? पुढच्या वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये आठाचे बारा संघ झाले. ते चॅलेंज मात्र पुन्हा भरलं नाही.