कॉर्लिओनेंचा मधला मुलगा

१९७३ सालच्या ऑस्करसाठी सर्वोत्तम साहाय्यक अभिनेत्याची पाच नामांकनं जाहीर झाली, तेव्हा त्यातली तीन एकाच घरातली होती. ‘द गॉडफादर’मधल्या कॉर्लिओने कुटुंबातला थोरला सनी म्हणजे जेम्स कान, घरातच वाढलेला मानलेला भाऊ टॉम म्हणजे रॉबर्ट डुव्हाल आणि धाकटा मायकेल म्हणजे अल पचिनो. वडील झालेल्या मार्लन ब्रँडोला तर मुख्य अभिनेत्याचं पारितोषिकच मिळालं. दोन वर्षांनी दुसऱ्या भागासाठी मायकेलचं पुन्हा नाव आलं, बहीण कॉनी झालेल्या टालिया शायरचंही आलं आणि तरुणपणीचे वडील रंगवणाऱ्या रॉबर्ट डी निरोने बाहुली घरी नेली. सगळ्या भावंडांची वर्णी लागली. राहिला तो एकटा मधला, फ्रेडो.

फ्रेडो झालेल्या नटाचं नाव जॉन कझाल. पूर्ण लांबीचे चित्रपट त्याने केले अवघे पाच: ‘द गॉडफादर’ (१९७२), ‘द कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘द गॉडफादर भाग २’ (दोन्ही १९७४), ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५) आणि ‘द डिअर हंटर’ (१९७८). हे पाचच्या पाच सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित झाले आणि त्यांतल्या तिघांनी ते पटकावलं. १९७४ च्या चित्रपटांतून निवडलेल्या पाचांत तर दोन याचेच होते. केलेला प्रत्येक चित्रपट नामांकित होण्याचा असा योग दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही. त्याला स्वतःला मात्र ऑस्करचं नामांकन एकदाही मिळालं नाही.

नशीब म्हणून एखाद-दुसरा चांगला चित्रपट पदरात पडतो. पाचही पडतात, तेव्हा माणूस तिथे काय करत होता ते नीट पाहावंसं वाटतं.

कझालचा जन्म १९३५ चा, बॉस्टनजवळच्या रिव्हिअर या समुद्राकाठच्या गावातला. वडील इटालियन वंशाचे, आई आयरिश वंशाची. बॉस्टन विद्यापीठात नाटकाचं शिक्षण घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या अनेक होतकरू नटांसारखी मिळेल ती नोकरी करू लागला. स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप्याचं काम करताना दुसरा एक निरोप्या भेटला, तो अल पचिनो! पुढे इस्रायल होरोविट्झच्या ‘द इंडियन वॉन्ट्स द ब्राँक्स’ या नाटकात दोघं एकत्र आले आणि १९६८ मध्ये दोघांनाही ओबी पारितोषिक मिळालं. होरोविट्झच्याच ‘लाइन’ या नाटकात १९७१ साली कझालला फ्रेड रूस यांनी पाहिलं. ‘गॉडफादर’साठी ते तेव्हा नट शोधत होते. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलांना त्यांचा फ्रेडो मिळाला.

फ्रेडोची भूमिका पहिल्या भागात लहानच आहे, पण त्यात एक जागा अशी आहे की मी ती कितीदाही पाहू शकतो. गाडी चालवणारा नोकर त्या दिवशी आजारी, म्हणून वडिलांना न्यायची पाळी फ्रेडोवर येते. वडील रस्त्यात फळं घ्यायला थांबतात आणि मारेकरी गोळ्या झाडतात. फ्रेडो गाडीतून धडपडत उतरतो, पिस्तूल काढतो, ते हातात नीट बसत नाही, निसटतं. मारेकरी पळून जातात. तो बापाजवळ रस्त्याच्या कडेला बसून पोरासारखा रडतो. सगळं मिनिटभरात आटोपतं. पुढे तीन तासांच्या चित्रपटात या घराण्यात सत्ता कुणाकडे जाणार नाही, हे त्या निसटलेल्या पिस्तुलाने ठरून गेलेलं असतं.

दुबळा माणूस रंगवताना भले भले नट हळूच आपल्याला खूण करतात की मी स्वतः असा नाही बरं का. कधी थोडा विनोद घालतात, कधी जास्तीची करुणा मागून घेतात. कझाल असं काहीच करत नाही. त्याचा फ्रेडो भित्रा आहे, हेवा करतो, मूर्खपणाही करतो, आणि हे सगळं आतून, त्याला स्वतःला पटलेल्या कारणांनी. उंच कपाळ, खोल गेलेले डोळे, किंचित ओघळलेले खांदे, एवढीच त्याची सामग्री.

आणि त्याचं ऐकणं! संवाद लक्षात राहतात म्हणून आपण पडद्यावरचा अभिनय संवादांत शोधतो. प्रत्यक्षात दोघांच्या प्रसंगात संकलक सारखा बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्याकडे जात असतो. धमकी किती खरी आहे, हे ती देणाऱ्याच्या आवाजापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला आधी कळतं. थंड, दगडी मायकेल आपल्याला भीतिदायक वाटतो, त्यात पचिनोइतकाच वाटा त्याच्यासमोर बसलेल्या फ्रेडोचा आहे. आपण अभिनय शिकलो तो सर्वांत जास्त कझालकडून, असं पचिनोने पुढे सांगितलं. तालमीआधी पात्राविषयी तो न संपणारे प्रश्न विचारत राहायचा, हीही पचिनोचीच आठवण.

दुसऱ्या भागातला तळ्याकाठच्या घरातला प्रसंग पाहा. बाहेर बर्फ, आत दोघे भाऊ. फ्रेडो एका उतरत्या आरामखुर्चीत जवळजवळ आडवा पडलेला आहे आणि मायकेल उभा. आपल्याला डावलून धाकट्याला गादी मिळाली, हा इतक्या वर्षांचा सल एकदम उफाळून येतो. तो हात उगारतो, ओरडतो, आपणही हुशार आहोत म्हणून सांगतो, पण खुर्चीतून धड उठता येत नाही. राग खरा आहे आणि शरीर त्याला साथ देत नाही. थोरल्या भावाचा मान मागणारा माणूस धाकट्यापुढे आडवा पडून तो मागतोय. याहून क्रूर मांडणी मला दुसरी आठवत नाही.

‘डॉग डे आफ्टरनून’ १९७२ साली ब्रुकलिनमध्ये घडलेल्या बँक दरोड्यावर बेतलेला आहे. कझालच्या वाट्याची भूमिका सॅल या दरोडेखोराची. खऱ्या घटनेतला सॅल अठरा वर्षांचा पोरगा होता, कझाल चाळिशीच्या उंबरठ्यावर. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांना हा नट चालेल असं वाटेना. पचिनोने हट्ट धरला, कझालने वाचन केलं आणि प्रश्न मिटला. चित्रपटात विमानाने देश सोडायचं ठरतं, तेव्हा पचिनो त्याला विचारतो, कुठल्या देशात जायचंय? सॅल गंभीरपणे विचार करतो आणि म्हणतो, वायोमिंग. हे अमेरिकेतलंच एक राज्य! हे उत्तर कझालला ऐन वेळी सुचलेलं. प्रेक्षक हसतो आणि लगेच चरकतो, कारण हातात बंदूक असलेल्या या माणसाला आपण कुठे निघालोय याचा पत्ताच नाही.

१९७६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचं ‘मेझर फॉर मेझर’ झालं. त्यात त्याच्यासोबत नुकतीच नाट्यशिक्षण संपवून आलेली मेरिल स्ट्रीप होती. दोघं एकत्र राहू लागले. पुढच्याच वर्षी त्याला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. ‘द डिअर हंटर’ तेव्हा उभा राहत होता, स्ट्रीपही त्यात होती. निर्मात्यांना आजारी नट नको होता. दिग्दर्शक मायकेल चिमिनो यांनी त्याला सोडलं नाही आणि त्याचे प्रसंग आधी चित्रित करून घेतले. विम्याची जोखीम डी निरोने उचलली, असं स्ट्रीपने नंतर सांगितलं. मार्च १९७८ मध्ये कझाल गेला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. शेवटपर्यंत स्ट्रीप त्याच्याजवळ होती. चित्रपट त्याने पूर्ण झालेला पाहिला नाही. ‘द डिअर हंटर’ला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि स्ट्रीपला तिचं पहिलं नामांकन. १९९० च्या ‘गॉडफादर भाग ३’मध्ये कझालची जुनी दृश्यं वापरली आहेत. तोही नामांकित झाला!

त्याचं काम पाहायचं तर दुसऱ्या भागातल्या हवानाच्या रात्रीपासून सुरुवात करा. मायकेलच्या वैऱ्याचा माणूस असलेल्या जॉनी ओलाला आपण कधी भेटलोच नाही, असं फ्रेडोने मायकेलला आधी सांगितलेलं असतं. आता तो पाहुण्यांना शहराचं रात्रजीवन दाखवतोय. इथली माहिती या एका ठिकाणी तरी त्यालाच जास्त आहे, त्यामुळे गडी खुशीत आलाय. बोलता बोलता तो सांगून टाकतो की ही जागा आपल्याला जॉनी ओलानेच दाखवली. मायकेल जवळच उभा आहे. फ्रेडोच्या चेहऱ्यावरची खुशी त्यानंतरही तशीच राहते, कारण आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानातच आलेलं नाही.