नेट बंद पडले? आधी पत्ता तपासा

2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. शिष्यवृत्तीचे अर्जही ऑनलाइनच भरायचे. त्यामुळे मानवतसारख्या तालुक्याच्या गावातही घरचा कॉम्प्युटर आता गरजेची वस्तू झाला आहे. वीज जाऊन आली की कधी कधी अम्मीच्या मोबाइलवर वाय-फाय चालते, पण कॉम्प्युटरवर नेट येत नाही. अर्जाची शेवटची तारीख तोंडावर आलेली आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "उद्या येतो." मुलांचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी बरेचदा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, फक्त त्याचा पत्ता चुकलेला असतो.

राऊटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक मिळतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हा क्रमांक किरायाच्या खोलीसारखा असतो. राऊटर तो ठरावीक मुदतीसाठी देतो आणि कॉम्प्युटर मुदत वाढवून घेत राहतो. या पद्धतीचे नाव डीएचसीपी. ती 1993 पासून वापरात आहे. राऊटर बंद होऊन सुरू झाला की कधी कधी जुनी नोंद पुसली जाते आणि एकच क्रमांक दोन यंत्रांकडे जातो. मग नेट अडते.

उपाय असा करावा :

1. त्याच वाय-फायवर दुसरा मोबाइल चालतो का, ते पाहा. पाहताना मोबाइल डेटा बंद ठेवा. तोही चालत नसेल, तर दोष राऊटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे.

2. राऊटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा.

3. तरीही कॉम्प्युटर अडला, तर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. इंग्रजीत सीएमडी लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल.

4. तिथे 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर करा. आयपीव्ही४ च्या ओळीतला क्रमांक पाहा. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. घरात सहसा तो 192.168 ने सुरू होतो.

5. आता तोच शब्द, एक जागा, तिरकी रेघ आणि लगेच 'रिलीज' लिहा. जुना पत्ता परत जाईल. मग 'रिलीज'च्या जागी 'रिन्यू' लिहा. नवा पत्ता मिळेल. कधी तोच पुन्हा मिळतो, त्यात काही बिघडत नाही.

यात फोटो, अभ्यास, फाइली काहीही पुसले जात नाही, म्हणून घाबरू नये. मात्र नेट दुरुस्त करून देतो म्हणून फोन करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती कॉम्प्युटरचा ताबा कधीही देऊ नका.

ही पाच कामे कागदावर लिहून कॉम्प्युटरजवळ चिकटवा आणि घरातल्या मुलींकडून एकदा करून घ्या. अब्बू किंवा भाईजान घरी नसले, तरी अर्ज अडणार नाही आणि रात्री नेट कॅफे शोधत फिरावे लागणार नाही, इन्शाअल्लाह.